मुलीबरोबर आलेय

आमच्या गावच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली ती ताईच्या अंत्यविधीची. ताई म्हणजे माझ्या मावशीची एकुलती एक मुलगी. छातीच्या दुखण्यानं ती विशीच्या आतच गेली. प्रार्थनेला येणारी माणसं आधीच बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यानंतर फादरांची बदली झाली, नवे कुणी आले नाहीत आणि दाराला कुलूप लागलं.

जुनी वास्तू म्हणून ती पाडायला बंदी होती, पण रिकामी तरी किती दिवस ठेवणार? आधी एकानं तिथे फर्निचरचं गोदाम केलं. ते बंद पडल्यावर बॅडमिंटनचा हॉल झाला. वेदीच्या जागी रॅकेटांचं कपाट आलं, जमिनीवर पांढरे पट्टे आले. भिंतीलगतचा एक बाक तेवढा राहिला, तोही फार जड होता म्हणून.

मावशी लाँड्रीत इस्त्रीला जायची. एके दिवशी कामावरून सुटल्यावर ती घरी न जाता तडक हॉलमध्ये शिरली आणि त्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. शिकवणारे मास्तर सतत गळ्यात शिट्टी घालून असत, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. त्यांनी विचारलं, "मावशी, कुणाबरोबर आलात?"

"मुलीबरोबर."

"कुठली तुमची?" मास्तरांनी खेळणाऱ्या मुलींकडे पाहिलं. पुढे त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं. कारण काही दिवसांनी ते आपणहून येऊन म्हणाले, "नुसत्या बसताय तर पॉइंट मोजा. ही पोरं मेली खोटं बोलतात."

मावशीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती शिकली. शटल रेषेच्या आत पडलं की बाहेर, यावरून पोरं हमरीतुमरीवर आली की ती जागेवरून ओरडायची, "बाहेर! माझे डोळे अजून शाबूत आहेत!" पोरं हसायची. एकदा तीही हसली आणि दचकून गप्प झाली.

काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, हे कळलं तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ताई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"जिथून पोरीला शेवटचं बाहेर काढलं, तिथे पॉइंट मोजत बसतेस?" ते म्हणाले. "काळीज आहे की दगड?"

"दगडच," मावशी म्हणाली. "म्हणून तर बसवतं."

काका जेवणावरून उठून गेले.

मग इमारत विकली गेली. आत मजले चढवून फ्लॅट करायचे ठरले. शिट्टीमास्तरांनी मावशीला सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "कधीपासून?" शेवटच्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले होते. खेळ रंगात आला असताना दारात काका दिसले. हाताला ग्रीस तसंच होतं. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि खेळ थांबला.

काका सरळ जाळीपाशी गेले. "इथे होती ना पोरीची पेटी?"

"नाही हो. थोडी अलीकडे." मावशी उठून तिथे जाऊन उभी राहिली.

काकांनी त्या जागेकडे पाहिलं. "मला हे कसं आठवत नाही? मी कुठे होतो गं?"

"तुम्ही बाहेर होतात. गाडी दाराला का लावली नाही म्हणून ड्रायव्हरशी भांडत होतात."

"प्रार्थना होईपर्यंत?"

"होईपर्यंत."

काका बाकावर जाऊन बसले आणि हमसून हमसून रडले. पोरं हातात रॅकेटा धरून जिथल्या तिथे उभी होती. मावशीनं पदरानं त्यांच्या हाताचं ग्रीस पुसलं. ते काही निघालं नाही.

मास्तरांनी दुसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला. मावशीला आग्रहानं बोलावलं. ती एकदा गेली आणि परत आली. "तिथे माझं काय आहे?" म्हणाली.

फ्लॅटमध्ये माणसं राहायला आल्यावर ती एका दुपारी तिथेही गेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी, कोण कुठल्या न विचारता, घरात घेतलं. छत हाताला लागेल इतकं खाली आलं होतं. पेटीची ती अलीकडची जागा आता स्वयंपाकघरात होती. ओट्याखाली गॅसची टाकी, शेजारी कांद्याची टोपली. बाई म्हणाल्या, "जुनं चर्च होतं म्हणे इथे." मावशी म्हणाली, "हो, ऐकलंय." पाणी प्याली, घर छान आहे म्हणाली आणि निघाली.

त्यानंतर ती त्या रस्त्यानं कधीच गेली नाही. लाँड्रीला जायला दुसरा रस्ता लांबचा आणि चढाचा आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून काका सकाळी दुकान उशिरा उघडतात आणि तिला सोडायला जातात. वाटेत कधी ते ताईबद्दल काहीतरी विचारतात. मावशीला आठवत असेल तर ती सांगते. हल्ली पुष्कळदा तिलाही आठवत नाही.