नाकतोड्यांवरचं औषध

त्रेसष्ट सालच्या भाद्रपदात मी पौडजवळच्या एका गावात भातावरचे नाकतोडे मोजत होते. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन तेव्हा सात महिने झाले होते. खाचरात एक लाकडी चौकट ठेवायची, आतले नाकतोडे मोजायचे, आकडा वहीत लिहायचा. चौकट धरायला नथू होता. विशीतला, ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतला. खाचरं जयसिंगच्या घरची. जयसिंगही त्याच वयाचा; काम नसलं तरी बांधावर येऊन बसायचा.

"नथ्या, मोजतोस काय? तोंडात टाक की. तुज्या आज्याचं जेवान हाय त्ये."

"आज्या खायाचा, दादा. आमी आता भाकर खातो," नथू हसून म्हणायचा.

किती भाकर खात होते ते मला दिसत होतं. दुपारी त्याची बायको जया फडक्यात अर्धी नाचणीची भाकरी बांधून आणायची. तिला सातवा महिना होता. एकदा तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा.

"बाई, हिला ताकद यावी असं कायतरी सांगा," नथू म्हणाला. "आदीचं सातव्यातच गेलं."

मी अंडी, मासे, डाळ असं सांगत गेले आणि तो परवडत नाही अशी मान हलवत राहिला. शेवटी मी चौकटीकडे बोट दाखवलं. "हे खा. मांसात असतो तेवढा कस यांच्यात आहे. पाय-पंख काढा आणि भाजा."

जयानं पदर तोंडाला लावला. "शी! आमच्या वाडीतली पोरं पन सोडली खायाची. गाववाले हसत्यात."

"मी खाल्ले तर खाल?"

नथूनं बांधावर तीन दगड मांडले, खापर तापवलं, मीठ टाकलं. मी तीन खाल्ले. चव सुकटीसारखी होती.

"आयला! पुन्याची बाई किडं खाती!" जयसिंग उठून उभा राहिला. मग त्यानंही एक उचलला, डोळे मिटून चावला आणि कुणाकडे न बघता गिळला. "घरी सांगू नगा," एवढंच बोलला.

जया खळखळून हसली आणि तिनं मूठभर घेतले.

त्यानंतर ती रोज खात होती. वाडीतली आणखी दोन-तीन तरुण माणसंही आता लपवत नव्हती. मला बरं वाटलं होतं. आठ दिवसांत पापणीचा रंग बदलत नाही हे मला माहीत होतं, तरी मी रोज पाहत होते.

माझे आकडे वाढले तसे शेतकी खात्यातले आमचे साहेब किडे मारायच्या भुकटीची पोती घेऊन आले. भुकटी टाकण्यापूर्वी त्यांनी आम्हा खात्यातल्या लोकांना बाजूला घेतलं. "गावात विष म्हणायचं नाही. विष म्हटलं की कुणी पोतं शेतात उतरू देत नाही. औषध म्हणायचं."

आम्ही सगळे औषध म्हणालो. मीही म्हणाले. सकाळच्या दवात भात पांढरं झालं.

संध्याकाळी नथू आणि जया बांधावरून परतत होते. मी चौकट पुसत होते. मान वर करून म्हणाले, "नथू, नाकतोड्यांवर औषध टाकलंय. आता जपा हं."

"बरं झालं, बाई." त्यानं जयाकडे पाहिलं. "जपतो."

तो काय समजला हे मी विचारलं नाही. मला वाटलं, समजला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जयसिंग माझ्या खोलीच्या दारात आला. "बाई, चला. नथ्याची बायकू कशीतरीच करतीया."

जया झोपडीत जमिनीवर होती. दात घट्ट मिटलेले, हातपाय झटके देत होते. चुलीशेजारी टोपली होती, काठापर्यंत भरलेली. मेलेले नाकतोडे वेचायला कष्ट पडत नाहीत.

"किती खाल्ले?"

"काल सांजच्याला पोटभर," नथू म्हणाला. "मी शिवलो न्हाई, बाई. औषधाचं व्हतं, समदं तिलाच दिलं. भुकटी पन झटकली न्हाई."

जयसिंगनं स्वतः बैल जुंपले. पौडला पोचेपर्यंत तिला चार वेळा झटके आले. मी घड्याळ पाहत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची बुबुळं पाहिली. "काय खाल्लं हिनं?"

"औषध," नथू म्हणाला.

"कुणी दिलं?"

"या बाईंनी." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. चांगल्या माणसाचं नाव सांगितलं की डॉक्टरांचा विश्वास बसेल, अशा सुरात तो बोलला.

"डॉक्टर, ते विष आहे," मी म्हणाले आणि भुकटीचं नाव सांगितलं.

नथू माझ्याकडे वळला. डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं.

अकराच्या सुमारास जया गेली. पोटातलं त्याआधीच गेलं होतं. मी बाहेर आले तेव्हा जयसिंग बैलांना पेंढा टाकत होता आणि नथू गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. सांगावं लागलं नाही.

नथू म्हणाला, "तुमाला तो शबुद ठावा व्हता?"

"हो."

"मग तसं म्हनायचं व्हतं, बाई."