दोन दांड्यांचं नाणं

"सोनं गंजत नाही आणि इतिहास मरत नाही," असं निवृत्त घड्याळजी बजावून सांगत. मग त्याच इतिहासाला घाम लागू नये म्हणून हातमोजे चढवत. त्यांनी जमवलेल्या दक्षिण आफ्रिकी सोन्याच्या नाण्यांत एक फार दुर्मिळ होतं. टांकसाळीच्या चुकीनं त्यावर कोरलेल्या बैलगाडीला एकाऐवजी दोन दांड्या आल्या होत्या. आज ते प्रदर्शनासाठी निवडायला नाण्यांचे पारखी घरी आले होते.

डबी उघडली, तर नाणं लखलखत होतं. पारख्यांनी भिंग लावलं आणि सुस्कारा सोडला.

"अस्सल आहे हो, पण घासलंय. शंभर वर्षांची झाक गेली. आता प्रदर्शनात नाही घेता येणार."

"मीच घासलं, दंतमंजनानं," बायको म्हणाली. "पाहुणे बघायला येणार, तर पारोसं कसं ठेवायचं?"

घड्याळजी रागवायला निघाले आणि थबकले. संसाराच्या चाळीस वर्षांत त्यांनी हिला ते नाणं एकदाही हातात दिलं नव्हतं. त्यांनी ते हळूच तिच्या तळहातावर ठेवलं.

"बरंय की," ती म्हणाली आणि पारख्यांकडे वळली. "भाऊ, तुमची नजर चांगली दिसते. एवढा या सुईत दोरा ओवून देता का?"