बेटाची पोच

नोटिशीची चार पानं पंख्याच्या वाऱ्याने उडत होती, म्हणून तिने त्यांवर प्लास्टरचा एक जबडा ठेवला आणि वकीलबाईंसाठी स्टूल पुसलं.

"बसा. जरा जपून, इथे हात लावाल तिथे प्लास्टर आहे."

वकीलबाई बसल्या. दोन नोटिसांना उत्तर आलं नाही म्हणून संगणकावरचे खेळ काढणाऱ्या कंपनीने या वेळी त्यांनाच पाठवलं होतं. दाराशी तिचा दीर उभा होता. तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत घरात शब्द त्याचाच. सकाळपासून त्याने एकच धोशा लावला होता. "वहिनी, माफीच्या दोन ओळी लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. या वयात कोर्टाची पायरी नको."

या वयात म्हणजे एकसष्टाव्या वर्षी. त्यातली पस्तीस वर्षं तिने लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवली होती. लॅबच्या कोपऱ्यात, साच्यांच्या फळीखाली, एक जुना संगणक सतत घरघरत असे. त्यात एक बेट होतं.

कंबरेच्या ऑपरेशननंतर सहा महिने अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तिला त्या खेळाचा नाद लागला. कुठकुठली माणसं इंटरनेटवरून बेटावर यायची, होड्या बांधायची, मासे धरायची, कडाकडा भांडायची. नऊ वर्षांपूर्वी एक दिवस पडद्यावर दोन ओळींची सूचना आली, आणि महिन्याभरात कंपनीने सगळं बंद केलं. त्याआधी काही खेळाडूंनी बेटाची चित्रं, नकाशे, संगीत उतरवून ठेवलं होतं. माणसांना एकमेकांशी जोडणारी यंत्रणा मात्र कंपनीकडेच राहिली. ती या खेळाडूंनी चार वर्षं खपून नव्याने लिहिली. ती चालवायला कुणाची तरी जागा हवी होती. "माझ्याकडे कोपरा आहे," ती म्हणाली होती. तेव्हापासून तीनशे बारा माणसं परत आली होती.

"चित्रं कंपनीची आहेत, हे तुम्हाला मान्य आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"आहे की."

दिराने कपाळाला हात लावला.

"संगीतसुद्धा?"

"तेही. आम्ही कुणाकडून काही घेत नाही, आणि ते आमचं आहे असं कधी म्हटलेलं नाही."

"मग प्रश्नच मिटला. मालकाला आपलं घर बंद ठेवायचा हक्क असतो."

"रिकामं असेल तर असतो. तुम्ही आत माणसं असताना कुलूप घातलंत." तिने हातातली कवळी खाली ठेवली. "आमच्यात एक बाई आहे. दिसत नाही तिला. लाटांच्या आवाजावरून होडी चालवते. सगळं बेट तिला कानाने पाठ आहे. तिला काय सांगू? हक्क सांगू?"

"याला कायद्यात उत्तर नाही."

"मग कायद्याबाहेर शोधा. मी बंद करणार नाही."

"वहिनी!" दीर पुढे आला. "बाईसाहेब, त्या रागात बोलतायत. आम्ही सही करतो."

"भावजी, सही माझी आहे."

तिने चष्मा नाकावर सरकवला आणि जबड्याखालून तिसरं पान ओढलं. कलम चार. खेळाशी संबंधित सर्व चित्रं, नकाशे, संगीत कोणताही बदल न करता कंपनीच्या स्वाधीन करावं. तिने ते दोनदा वाचलं.

"आमच्यासारख्या आणखी दोघांना अशा नोटिसा आल्या होत्या. दुसरे खेळ, दुसऱ्या कंपन्या. त्यांना लिहिलं होतं, नष्ट करा. तुम्ही लिहिलंय, आणून द्या. असं का?"

वकीलबाईंनी पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

"तुमच्याकडे नाहीये ना?"

"त्यावर बोलायची मला परवानगी नाही."

फळीखालचा संगणक घरघरत राहिला. दिराच्या चेहऱ्यावरचा रंगच पालटला. त्याने तिला खुणेने बाजूला बोलावलं आणि कुजबुजला, "वहिनी, नाडी आपल्या हातात आहे! त्यांना खेळ पुन्हा काढायचाय आणि मूळ मालच हरवलाय. आता आपण अटी घालायच्या. तोंडातून शब्द काढू नका, मी बोलतो."

ती गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, एक छोटी डिस्क संगणकाला जोडली आणि कॉपी होईपर्यंत मघाची कवळी घासत बसली. वीस मिनिटं गेली.

"घ्या," तिने डिस्क वकीलबाईंपुढे धरली. "तुमचं आहे, तुमच्याकडे असू दे. एक रेघही बदललेली नाही. आमची यंत्रणा त्यात नाही, ती आमची. बेट चालू राहील. कागदावर सही होणार नाही."

"तुम्हाला समजतंय ना? खटला होऊ शकतो."

"मग तारखेला येईन. कंबर दुखते, तेवढी खुर्ची द्यायला सांगा."

वकीलबाईंना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"हे मिळाल्याची पोच द्या," ती म्हणाली. "उद्या कुणी म्हणायला नको, की चोरून ठेवलं."

वकीलबाईंनी कोरा कागद घेतला. लिहिता लिहिता एकदा थांबल्या, पेन मिटलं, खिडकीबाहेर बघितलं. मग पेन उघडून आणखी एक ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली आणि कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. दाराशी त्यांनी कोटावरचं प्लास्टर झटकायचा प्रयत्न केला. ते आणखीच पसरलं.

त्या जिना उतरल्यावर दिराला कंठ फुटला.

"हुकमाचा एकच पत्ता होता हातात. तोही देऊन टाकलात! फुकट! आता काय कपाळ लढवणार कोर्टात?"

"वाचा तरी," तिने कागद पुढे केला.

दिराने तीस वर्षांच्या सवयीने, सगळे स्वल्पविराम घेत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव, पत्ता, डिस्क एक. शेवटच्या ओळीशी त्याचा आवाज खाली आला.

"'सदर खेळाची ही एकमेव उपलब्ध प्रत असून, कंपनीने ती गमावल्यानंतर सदर बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नऊ वर्षं जपल्यामुळेच आज कंपनीला परत मिळत आहे.'"

त्याने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात.

"हे लिहायची त्यांना काही गरज नव्हती," तो म्हणाला. "पोचेला पहिल्या दोन ओळी पुरतात."

ती खिडकीशी गेली. खाली वकीलबाई रस्ता ओलांडत होत्या, ताठ मानेने, डिस्कची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"भावजी," ती म्हणाली, "याच्या झेरॉक्स काढून आणा. तीनशे बारा."