आक्काच्या टाळूचा फोटो

माझी नात संघरत्ना भाषाशास्त्र शिकते. सोमवारी तिला वर्गात टाळूचे दोन फोटो दाखवायचे होते आणि त्यातला एक काही केल्या मिळत नव्हता. म्हणून किन्हवलीहून आम्ही दोघी मुरबाडला गेलो आणि तिथून जीपने सिद्धगडाच्या पायथ्याला, माझ्या थोरल्या बहिणीकडे.

रीत सोपी. तेलात कालवलेली कोळशाची पूड जिभेला लावायची, एकच शब्द बोलायचा आणि आ करायचा. जीभ जिथे टेकली, तिथे टाळू काळा दिसतो. आरसा धरून फोटो काढायचा.

"तुझ्या शेळीच्या नावातला, चिमीतला च तालव्य," संघरत्नाने आक्काला समजावलं. "तो टाळूवरच अडतो. तुझ्या प्येजेतला प तालव्यीकृत. तो अडतो ओठांवर, पण त्याच वेळी जीभ टाळूकडे उचलते. मधे टेकत नाही."

तिने आधी माझ्यावर तीन दिवस प्रयत्न केले होते. पण शाळेत गुरुजी हसले तेव्हापासून मी 'पेज' म्हणू लागले, पुढे मास्तरीण झाले, आणि जुना 'प्ये' जिभेवरून गेला तो गेलाच. आक्काने शाळा पाहिलीच नाही.

आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून चुलीपुढे ताठ बसली. "चिमी," ती म्हणाली. टाळूवर काळा पट्टा उमटला. पहिला फोटो झाला.

मग दुसरा शब्द. "पेज," आक्का म्हणाली, रेडिओवरच्या बाईसारखी.

तिने चूळ भरल्यावर मी म्हटलं, "नेहमीसारखं बोल गो."

"फोटू काढताव ना? कालेजातली मान्सं काय म्हनतील!"

तीनदा तेच झालं. पूड एका बोटापुरती उरली. संघरत्नाचा चेहरा उतरला. तिने शेवटचं बोट आक्काच्या जिभेवर फिरवलं.

मघापासून आपलं नाव ऐकून चिमी कधी आत आली, कळलंच नाही. तिने थेट चुलीशेजारी निवत ठेवलेल्या पातेल्यात तोंड घातलं.

"प्येज!" आक्का ओरडली.

"मावशीआजी, बोलू नको! आ कर!"

आक्काने आ केला आणि दोन्ही हातांनी मला शेळी दाखवत राहिली. मी चिमीला ओढलं, संघरत्नाने आरसा धरला. टाळू मधोमध गुलाबी, दोन्ही कडांना काळ्या रेघा. दातांमागे ज टेकल्याची खूण, बाकी वाट मोकळी! पोरगी चुलीभोवती नाचली.

आक्काने मोबाइल जवळ धरून पाहिला. "आनि माझं लुगडं कुठंय यात?"

"फोटो तोंडातला आहे गो."

"मंग नेसायला कशाला लावलंस?"

"मी कुठे लावलं?"

शेवटी तिचा लुगड्यातला फोटो निघाला, शेजारी दाढीला पेज लागलेली चिमी. आक्काने नवी पेज शिजायला ठेवली. ती होईस्तोवर मला कडकडून भूक लागली होती.

"आक्का, वाढ ना गो प्येज," मी म्हटलं.

संघरत्नाने माझ्याकडे पाहिलं, मग कोळशाच्या रिकाम्या वाटीकडे, आणि खो-खो हसत सुटली.