भिंगरीचं एक मिनिट

मी लाँड्रीतला फोन बोलतोय. खिशात मावणाऱ्यांपैकी नव्हे बरं का. भिंतीतल्या तारेला जोडलेला, वेटोळ्या दोरीचा, लाल रंगाचा जुना फोन. इतकी वर्षं सगळं जग माझ्यातून बोललं आणि मी चकार शब्द काढला नाही. पण आज सकाळपासून माझा जीव असा टांगणीला लागलाय की गप्प बसवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या पोटात घंटी बसवली, दुसरीने बटणं दाबून पाहिली आणि तिसऱ्या कुणीतरी मला कानाशी धरून "हॅलो, हॅलो" करून खोक्यात कोंबलं. झालं माझं बालपण.

पहिली नोकरी दाताच्या डॉक्टरांकडे. माणूस काय चीज आहे ते मी तिथे शिकलो. सकाळी दाढ ठणकते म्हणून रडकुंडीला आलेला गडी दुपारी फोन करून सांगायचा, "आता एकदम बरं वाटतंय, उद्याचं राहू द्या." त्या खुर्चीच्या नुसत्या आठवणीने दाढा बऱ्या होताना मी स्वतः ऐकलंय! पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, सामान विकायला काढलं आणि बाईंनी मला उचललं.

बाई म्हणजे या लाँड्रीच्या मालकीण. नवरा नुकताच गेलेला, धंदा नवा आणि कडेवर दीड वर्षांची पोर. ती चालायला लागली आणि काउंटरभोवती जी गरगर फिरायला लागली ती थांबेचना. म्हणून इस्त्रीवाल्या काकांनी तिचं नाव ठेवलं भिंगरी. बाईंनी तिला इतर काही शिकवायच्या आधी माझा नंबर पाठ करून घेतला. "हरवलीस तर कुणालाही हा सांगायचा, कळलं?" पोरगी तो नंबर चालीवर म्हणत कपड्यांच्या गाठोड्यांवर उड्या मारायची.

आता बाईंची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. फोन वाजला की रिसीव्हर उचलायचा, पलीकडे कोण आहे ते न ऐकताच "एक मिनिट हं" म्हणायचं आणि तो काउंटरवर आडवा टाकून हातातलं काम पुरं करायचं. त्यांचा तरी काय दोष? कधी हात साबणाने बरबटलेले, कधी दोन्ही हातांत कुणाचा तरी ओला पडदा. पण बाईंचं एक मिनिट घड्याळातलं नव्हे. पलीकडच्या माणसाला दुकानातलं सगळं ऐकू यायचं, यंत्राची घरघर, वाफेचा फुसफुसाट, बाईंची बडबड. एक आजोबा तर म्हणायचे, बायको बोलत नाही त्या दिवशी मी इथे फोन करतो.

मग मोबाइल आले आणि माझं वाजणं कमी झालं. माझ्या डोक्यावर बटणांची बरणी आली, अंगावर कापसाचा थर बसला. तक्रार नाही, पण वाईट वाटायचं हो.

अशात भिंगरी एकोणीस वर्षांची झाली आणि एके दिवशी तिने काउंटरवर एक कागद ठेवला. नेव्हीत निवड झाली होती. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला हजर व्हायचं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता रडारड होणार. पण बाई म्हणाल्या, "सामानाची यादी कुठाय?"

त्या दिवसापासून त्यांनी पदर खोचला. शर्टाची घडी किती बोटं रुंद हवी ते यादीत लिहिलं होतं. बाईंनी पुठ्ठा कापून माप केलं आणि पोरीकडून शंभर शर्ट घडी करून घेतले. काकांनी तिला कॉलरची इस्त्री शिकवली. "टोकाकडून आत ये गं, आतून टोकाकडे गेलीस की चुणी पडलीच." रोज पहाटे मायलेकी पोहायच्या तलावावर जायच्या, कारण भिंगरीला पाण्याची भीती होती. लहानपणी एकदा पाय घसरून ती तलावात पडली होती, तेव्हापासूनची. दोघी परत आल्या की काका विचारायचे, "काय, आज किती?" आणि भिंगरी ओले केस पुसत म्हणायची, "अर्ध्यापर्यंत." रोज अर्ध्यापर्यंतच.

बाई मदत करत होत्या, पण तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. भिंगरीने एकदा हळूच विचारलं, "आई, मला जमेल ना?" बाई पावत्यांना पिना मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जमेल की." पोरगी थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग आत गेली.

ट्रेनिंगच्या फाटकावरच मोबाइल जमा करून घेतात. तीन दिवसांत कधीतरी घरी एक फोन करू देतात, एकच मिनिट. नंबर ज्याने त्याने आठवून सांगायचा. आता मोबाइलमधले नंबर कुणाला पाठ असतात? भिंगरीला एकच पाठ होता. माझा!

बाईंनी माझ्या डोक्यावरची बरणी काढली. ओल्या फडक्याने मला पुसलं. निघताना भिंगरी म्हणाली, "उचलशील ना गं?"

"नाहीतर काय, बघत बसेन त्याच्याकडे?"

पहिले दोन दिवस बाई माझ्यापाशी उभ्यानेच जेवल्या. गिऱ्हाइकांना ताकीद होती, फोन करायचा नाही. सगळ्यांनी ऐकलं, एका हॉटेलच्या मॅनेजरसाहेबांनी सोडून. त्यांचे टेबलक्लॉथ यायचे होते आणि ते तासातासाला फोन करत होते. दर वेळी बाई झडप घालायच्या, आवाज ऐकून त्यांचा चेहरा पडायचा आणि मॅनेजरसाहेबांचा उद्धार व्हायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं एकदम आलं. एक वकीलसाहेब काळ्या कोटाचं तुटलेलं बटण दाखवत काउंटरवर उभे, तीनला कोर्टात हजर व्हायचं म्हणून घायकुतीला आलेले. आत वाफेची नळी गळायला लागली, काका ओरडले, "ताई, खटका बंद करा!" आणि तेवढ्यात मी वाजलो.

बाईंनी दातांत सुई धरून रिसीव्हर उचलला. पलीकडून क्षणभर नुसती खरखर. "अहो, निघालेत तुमचे टेबलक्लॉथ! एक मिनिट हं," म्हणाल्या आणि रिसीव्हर काउंटरवर आडवा टाकून खटक्याकडे धावल्या. आतून काका पुन्हा ओरडले, "हात भाजला, ताई!"

मला पलीकडचं ऐकू येत होतं. आधी एका साहेबाचा आवाज, "भिंतीवर लिहिलंय तेवढंच वाचायचं. एक मिनिट." आणि मग अगदी बारीक, "आई?"

मी हादरलो. अहो, रिसीव्हर खाली असला की मला वाजताही येत नाही!

"आई, मी बोलतेय. आई, फोन घे ना." पोरगी कुजबुजत होती, तिचा श्वास लागला होता. "आई, मला नाही राहायचं इथे. मला न्यायला ये."

बाई परत आल्या. रिसीव्हर त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. त्या मान खाली घालून कोटाला बटण लावू लागल्या. वकीलसाहेबांना गप्प उभं राहवेना. "तुमची मुलगी दिसत नाही आज?"

"नेव्हीत गेली. ट्रेनिंगला."

"बाप रे! टिकेल का?"

"कसली टिकतेय!" बाई दोरा तोडत हसल्या. "बादलीभर पाण्याला घाबरते ती. पंधरा दिवसांत परत येते की नाही बघा."

पलीकडे कुजबुज थांबली. मग पोरगी मोठ्याने, एका सुरात वाचायला लागली, "मी सुखरूप पोहोचले आहे. माझी काळजी करू नये. पत्ता पत्राने कळवीन. आता फोन ठेवते." आणि फोन ठेवला.

वकीलसाहेब गेले. बाईंनी रिसीव्हर कानाला लावला, "हां, बोला." नुसता टूं आवाज. त्यांनी तो ठेवून दिला. दहा मिनिटांनी मॅनेजरसाहेबांचा फोन आला.

"अहो, मघाशी सांगितलं ना तुम्हाला?"

"मघाशी? मी तर आत्ताच करतोय, बाई."

बाई गाठोड्यावर मटकन बसल्या. काका म्हणाले, "राँग नंबर असेल, ताई." पण बाईंनी ट्रेनिंग सेंटरला फोन लावलाच. तिथल्या कारकुनाने वही बघून सांगितलं, "तुमच्या मुलीचा फोन झालाय. एक मिनिट पूर्ण."

त्यानंतर बाईंना घास गोड लागेना. ज्याला त्याला सांगायच्या, "पोरीचा फोन आला आणि मी तो बाजूला ठेवला हो." त्यांना वाटत होतं, फक्त फोन चुकला. त्या मिनिटात पोरीने काय ऐकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. रोज त्या मला पुसायच्या आणि मला ते सांगता येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. काकांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून बाईंनी माझ्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं.

"आई, तू फोन उचललास आणि खाली ठेवलास. मला सगळं ऐकू येत होतं. काकांचा हात भाजला तेही आणि तू त्या कोटवाल्यांना जे सांगितलंस तेही. पंधरा दिवस म्हणालीस ना? आज सोळावा आहे. भिंगरी."

खाली पत्ता होता. एवढंच.

"काका, असं बोलले मी?"

काका इस्त्रीकडे बघत राहिले. "बोललात, ताई."

बाई त्या दिवशी पावत्यांच्या पाठीमागे पत्र लिहायला बसल्या. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शेवटी दोनच शब्द पाठवले, "फोन कर."

गेल्या रविवारी तो आला. या वेळी तीन मिनिटं होती. बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई."

"बोल गं. धरलाय मी."

बाईंनीच सुरुवात केली.

"ते मी बोलले ना, ते..."

"वेळ कमी आहे, आई."

"मग ऐक. खोटं नाही सांगत. तू परत यावंस असं मला रोज वाटत होतं. तुझ्याच्याने होणार नाही म्हणून नव्हे गं. घर खायला उठतं मला. तुला कसं सांगणार? तू मागे फिरली असतीस. मग ते त्या परक्या माणसापुढे असं वेडंवाकडं बाहेर पडलं. चुकले मी."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मी त्या दिवशी 'न्यायला ये' म्हणत होते, आई. तू ऐकलं असतंस तर आली असतीस ना?"

"पायात चपला न घालता आले असते."

"तेच तर! मी आज घरी असते. पण तू ते बोललीस आणि मला असा राग आला, असा राग आला, की त्या रागावर महिना काढला मी. घडीच्या तपासणीत पहिली आले, माहितीये?"

"अगं बाई!"

"पण आता राग संपलाय. तीच पंचाईत आहे." तिचा आवाज बारीक झाला. "शुक्रवारी सकाळी अकराला पोहण्याची परीक्षा आहे. उंचावरून उडी मारायची आणि पलीकडचा काठ गाठायचा. दोनदा नापास झाले. ही शेवटची. नाही जमलं तर घरी पाठवतात."

बाईंनी डोळे मिटले.

"आई, पुन्हा म्हण ना."

"काय?"

"तेच. परत येशील म्हणून."

"नाही म्हणणार मी. एकदा म्हटलं तेवढं पुरे झालं."

"आई, चाळीस सेकंद राहिलेत!"

बाईंनी माझी दोरी बोटाभोवती इतकी गुंडाळली की बोट पांढरं पडलं. डोळ्यांतलं पाणी घळाघळा माझ्यावर पडत होतं. इतकी वर्षं ऐकतोय त्यांना, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. "कसली टिकतेस गं तू! बादलीभर पाण्याला घाबरतेस. शुक्रवारी संध्याकाळी दारात उभी असशील बघ!"

पलीकडे पोरगी हसली. रडत रडत हसली. "येते का, बघच!" म्हणाली आणि फोन कटला. बाई कितीतरी वेळ रिसीव्हर छातीशी धरून उभ्या होत्या.

आज तो शुक्रवार. पास झाली तर भिंगरीला स्वतः एक मिनिट बोलू देणार आहेत. नाही झाली तर ऑफिसातून फोन येणार, मुलीला घेऊन जा म्हणून. दोन्ही निरोप माझ्यातूनच यायचे. बाईंनी यंत्र लावलेलं नाही. काकांची इस्त्री गार पडलीये. दोघं माझ्यासमोर बसलेत.

मी आता थकलोय. दोरी विरलीये, सातचं बटण अडकतं. पुढच्या महिन्यात जुन्या तारा काढणार, अशी नोटीसही आलीये. काढू द्या. मला आजचा दिवस मिळाला की पुष्कळ झालं.

पण गिऱ्हाईक मंडळी, तुमच्या पाया पडतो, एवढं ऐका. वकीलसाहेब, तुमची पँट तयार आहे. मॅनेजरसाहेब, तुमचे टेबलक्लॉथ घड्या करून ठेवलेत. स्वतः येऊन घेऊन जा, दुकान उघडं आहे. पण आज कुणी फोन करू नका. लाइन मोकळी ठेवा. अकरा वाजलेत. पोरगी पाण्यात आहे.