तल्हाचा निकाह आणि नोवी सादचा संप

तल्हाचा निकाह जानेवारीत करायचा ठरला, तेव्हा त्याची आई बदरुन्निसा हिची एकच अट होती. इफराला सुट्टी असली पाहिजे. इफरा ही तिची धाकटी, सर्बियात नोवी साद नावाच्या शहरात आर्किटेक्चर शिकत होती. होणारी सून उझमा रियाधला नर्स होती आणि इफराची शाळेपासूनची मैत्रीण. हे लग्न जमवलंही इफरानेच. तिच्याशिवाय आपण निकाहाला बसणार नाही, असं उझमाने सांगून टाकलं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी नोवी सादच्या रेल्वे स्टेशनबाहेरचं काँक्रीटचं छत खालच्या माणसांवर कोसळलं. त्यात सोळा जणांचा जीव गेला. स्टेशनची दुरुस्ती नुकतीच झाली होती. इफरा मैत्रिणींची वाट बघत त्याच छताखाली उभी राहायची. ती फोनवर इतकी रडली, की जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या घरात बदरुन्निसाला दिवसभर जेवण गेलं नाही.

मग विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून संप पुकारला आणि कॉलेजं ताब्यात घेतली.

"कॉलेज बंद ना? मग ये निघून," बदरुन्निसा म्हणाली.

"बंद नाही गं अम्मी. आम्ही आत राहतोय."

"आत म्हणजे?"

"वर्गात झोपतो. मी सगळ्यांसाठी भात करते."

"इथे चहा टाक म्हटलं की तुझा अभ्यास असायचा गो!"

मोहियुद्दीन, इफराचे अब्बा, हार्डवेअरच्या दुकानातून आले की पहिला फोन हातात घ्यायचे. "परक्या मुलखात राहून सरकारशी भांडायचं? उद्या विमानात बसवून परत पाठवतील."

"पाठवू देत," बदरुन्निसा म्हणाली. "लग्नाला तरी पोचेल."

जानेवारी असाच गेला, निकाह पुढे ढकलला. महिनाअखेरीस तिथल्या पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला आणि मोहियुद्दीन दारातूनच ओरडले, "खलास! जिंकली पोरं!" त्यांनी ईदनंतरचा हॉल ठरवला, उझमाच्या वडिलांना कळवलं, आणि मग इफराला फोन लावला.

"अब्बा, आम्ही राजीनामा मागितलाच नव्हता," ती म्हणाली. "स्टेशनच्या कामाचे सगळे कागद बाहेर काढा म्हणत होतो. जबाबदार कोण ते कळायला नको?"

मोहियुद्दीननी फोन बायकोच्या हातात दिला आणि ते पंख्याखाली जाऊन बसले.

रमजानच्या मध्यावर तर कहर झाला. बेलग्रेडला मोठी सभा होती, आणि पोरं नोवी सादहून तिकडे चालत निघाली होती. इफराने पायांच्या फोडांचा फोटो पाठवला.

"रोज्यात चालत?"

"प्रवासात सवलत असते ना, अम्मी."

"ही सवलत मोर्चाला नाही हो!"

"वाटेत आम्हाला बघून लोक रडत होते गं. एका म्हातारीने खास माझ्यासाठी बिनमटणाचं सूप वेगळ्या भांड्यात ठेवलं होतं. माझं नावसुद्धा तिला म्हणता येत नव्हतं."

बदरुन्निसाला त्या म्हातारीचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून आणखी राग आला.

ईद झाली, हॉल रद्द झाला. संप चालूच. आता सगळे निवडणूक मागत होते. उन्हाळ्यात तिच्या कॉलेजचे वर्ग अखेर सुरू झाले, तेव्हा बदरुन्निसाने सुटकेचा निःश्वास टाकला. तोच इफराचा फोन आला. वाया गेलेलं सगळं वर्ष थोड्या आठवड्यांत भरून काढायचं होतं. परीक्षा लागोपाठ होत्या. यायला जमणार नव्हतं.

तल्हाचा संयम सुटला. "कॉलेज बंद होतं तेव्हा आली नाही. आता चालू झालं म्हणून येत नाही! मी लग्न करू की सर्बियाच्या बातम्या बघत म्हातारा होऊ?"

त्याच संध्याकाळी रियाधहून बदरुन्निसाला उझमाचा फोन आला. "खाला, मी इफरासाठी थांबले असते. त्या देशासाठी नाही थांबणार. सप्टेंबरमधली तारीख धरा."

निकाह सप्टेंबरात झाला. इफराचा त्या दिवशी पेपर होता. रात्री तिने व्हिडिओ कॉल केला. उझमाने फोनकडे बघितलं आणि तो तल्हाकडे सरकवला.

ऑक्टोबरात चार दिवसांची सुट्टी काढून इफरा आली. उझमाने लग्नानंतर जेद्दाला बदली करून घेतली होती. तल्हाने तिला आधीच बजावलं होतं, भांडू नकोस. उझमा भांडली नाही. तिने ताट वाढलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. इफरा तिच्या मागे गेली. बदरुन्निसा दाराशीच थबकली.

"मी तेव्हा संप सोडून आले असते तर मला स्वतःचा राग आला असता," इफरा म्हणाली.

"आणि नाही आलीस म्हणून मला आला," उझमा म्हणाली. "माझ्या हातावर मेंदी तू काढणार होतीस. पार्लरवालीने काढली. वाईट काढली."

"मला माहीत आहे. फोटो बघितले."

"बघितलेस आणि काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? वाईट काढलीय म्हणून?"

उझमा हसली नाही. तिचे डोळे भरून आले आणि तिने इफराच्या दंडाला जोरात चिमटा काढला. इफरा कळवळली, पण तिने हात मागे घेतला नाही. बदरुन्निसा आत शिरली आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या दोघी. मासे थंड झालेत."