आधी पाडांग, मग सुराबाया

आमच्या घरात माझं ऐकायची सगळ्यांना सवय आहे आणि मला सांगायची. आम्हा मिनांग लोकांत पोरीच्या शिक्षणाचा, लग्नाचा शेवटचा शब्द बापाचा नसतो, मामाचा असतो. बाप बिचारा बायकोच्या घरी राहायला आलेला. त्याला काही विचारा, तो म्हणणार, "मामा म्हणतील तसं." आमचे यास्रिल भाऊजी तर दुसरा कप चहासुद्धा विचारून घेतात.

एल्फिरा माझी भाची, धाकट्या बहिणीची, रोस्नीची आणि या भाऊजींची एकुलती एक. मी पायाकुंबुच्या बाजारात टीव्ही, पंखे, भाताचे कुकर दुरुस्त करतो. ही आठ वर्षांची असल्यापासून माझ्या दुकानात स्टुलावर बसून तारा जोडायला शिकली. आता बारावीला शाळेत पहिली आणि तोंडी एकच जप, सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं.

मी म्हटलं, "त्याला साधा स्क्रू ड्रायव्हर तरी लागतो का गं?"

"नाही लागत. पण तेही बिघडतं, मामा. आणि दुरुस्त करायला तुमच्यासारखीच खडूस माणसं लागतात."

घ्या! ही आमची नम्र भाची.

परीक्षा न देता, नुसत्या शाळेच्या गुणांवर प्रवेश मिळण्याचा एक अर्ज असतो. त्यात दोन कॉलेजं क्रमानं लिहायची, त्यातलं एक आपल्या प्रांतातलं हवं. प्रांतातलं म्हणजे पाडांग, बसनं चार तास. तिथं सॉफ्टवेअर हा चार विषयांतला एक. दुसरं सुराबाया, समुद्रापलीकडे जावा बेटावर. तिथं चारही वर्षं तेच. पोरीला सुराबाया हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

रविवारी मला रीतसर बोलावलं. तळलेली केळी आली, चहा आला. रोस्नी माझ्याकडे बघत राहिली. आमच्यात घर, शेत, नाव सगळं आईकडून मुलीकडे जातं. पोरं बाहेर जातातच, मीही आठ वर्षं लांब मेदान शहरात काढली. पण रोस्नीला मुलगी एकच. माझी पोरं त्यांच्या आईच्या घराण्याची, त्यांचा इथे काही उपयोग नाही. एल्फिरा तिकडेच रमली, तर आमचं घराणं रोस्नीबरोबर संपलं. ही भीती रोस्नीची होती तशी माझीही होती, खोटं कशाला बोलू?

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, "असं कर, आधी पाडांग लिही, मग सुराबाया. आईचं मन राहील. पाडांगला नाव लागलं आणि नको वाटलं, तर जाऊ नकोस. पुढे परीक्षा असतेच की, ती देऊन जा कुठे जायचं तिथं."

रोस्नीचा चेहरा खुलला. भाऊजी म्हणाले, "मामा म्हणतील तसं." एल्फिरानं एकदा तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाली, "बरं, मामा." चारचौघांत मामाला तोडून बोलायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. मी मात्र स्वतःवर खूश होऊन आणखी दोन केळी खाल्ली.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला वीर्दाबाई दुकानात आल्या. एल्फिराच्या वर्गशिक्षिका. कुकर टेबलावर आदळला आणि म्हणाल्या, "तापतच नाही मेला. काल एल्फिरा घरी आली होती, तिनं उघडून बघितला. म्हणाली, हे माझ्याच्यानं होणार नाही, मामांकडेच न्या आणि उद्याच न्या."

मी कुकर उलटा करून स्क्रू काढायला लागलो. गप्पा मारायच्या म्हणून म्हटलं, "झाला का आमच्या पोरीचा अर्ज? पाडांग नको झालं तर परीक्षा देईल म्हणा."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी फळ्यावर गणित चुकलोय. "शाहरिलभाऊ, कुणी सांगितलं तुम्हाला? यात नाव लागलं की विषय संपला. त्या वर्षी परीक्षेला बसूच देत नाहीत. आणि तिचे गुण बघता पाडांगला नाव लागणारच. मग सुराबायाचा कागद उघडतसुद्धा नाहीत."

"आणि नाहीच गेली तर?"

"तर शाळेला भोगावं लागतं. तीन वर्षांमागे आमचा एक पोरगा असाच नाव लागूनही गेला नाही. पुढच्या वर्षी आमच्या शाळेच्या पोरांच्या जागा कापल्या. एल्फिरा तसं करेल असं वाटतं तुम्हाला?"

नाही करणार. ती मुकाट्यानं पाडांगला जाईल.

"अर्ज कधी बंद होतो?"

"आज तीनला."

कुकरचं खालचं झाकण निघालं. आत काही जळलेलं नव्हतं. एक तार स्क्रूवरून काढून ठेवली होती आणि तिचं उघडं टोक दुमडून वर टेप गुंडाळली होती, कुणाला झटका बसू नये म्हणून. असं दुमडून टेप लावायला मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं.

मी बाईंकडे बघितलं. त्या पंख्यांच्या किमती वाचत बसल्या होत्या.

दुकान त्यांच्या भरवशावर टाकून मी मोटरसायकलला किक मारली. वाटेत एकच विचार, मामानं दिलेला शब्द मामानंच गिळायचा, तोही बहिणीपुढे, भाऊजींपुढे! लाज वाटत होती आणि तीन वाजायचीही भीती वाटत होती.

घरात तिघं होती. एल्फिरा लॅपटॉप उघडून बसलेली, हात मांडीवर.

"पाठवलास?"

"नाही."

मी उभ्यानंच बोललो. "रोस्नी, रविवारी मी चुकलो. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो. पाडांग पहिलं लिहिलं तर ती तिथंच अडकेल. सुराबाया पहिलं घाल गं, पोरी."

रोस्नी रडायलाच लागली. "दादा, ती परत नाही आली तर?"

"तर नाही आली," मी म्हटलं. "मी मेदानहून आलोच ना? नाही आली तर आपण दोघं आहोत. पण तिला इथं अडकवून घराणं चालवायचं, तर ते मला नको."

मग यास्रिल भाऊजींनी घसा साफ केला. "मलाही पहिल्यापासून सुराबायाच वाटत होतं," ते म्हणाले आणि न विचारता चहा ओतून घेतला.

एल्फिरानं दोन नावांची अदलाबदल केली. पावणेतीन झाले होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि हळूच म्हटलं, "बाईंचा कुकर बघितला. टेप चांगली लावलीस. पण मी आलोच नसतो, तर?"

"तीनला पाच मिनिटं कमी असताना पाडांग पाठवलं असतं, मामा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना."

मी तिचा हात धरला आणि तिच्याच बोटानं बटण दाबलं.